सगळ्यांना आवाज, मला अक्षरं

आक्का,

तू गेलीस हे आपल्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत शेवटी मला कळलं. तुझ्या मालनवैनीनं सकाळी आवाजातला निरोप टाकला होता, तेवीस सेकंदांचा. मी शाळेच्या ऑफिसात होते. फोन डाव्या कानाला लावला, मग उजव्या, पुन्हा डाव्या. कुणीतरी बाई बोलतेय एवढंच कळलं. म्हटलं असेल काहीतरी, संध्याकाळी लेकीकडून ऐकून घेऊ. पाच मिनिटांत हात जोडलेली चित्रं पडायला लागली. एक, दोन, दहा. कुणाला म्हणून वर सरकत गेले, तर सदलग्याच्या गुरुजींनी लिहिलं होतं, 'शैलाताई, तुमचे पाय आता मोकळे झाले.'

फोन पालथा घातला आणि हजेरीपुस्तक उघडून बसले. शिपाई म्हणाला, 'मॅडम, काय झालं?' ते त्याच्या ओठांवरून वाचलं आणि सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलंय.

तुझ्याशी एकवीस दिवस बोलले नव्हते गं. तू निपाणीत, मी इथं बेळगावात, वडगावला. भांडण फोनवर झालं होतं, तेही लिहून. समोरासमोर झालं असतं तर तू हसली असतीस, मी रडले असते आणि मालनवैनीनं चहा टाकला असता. लिहिलेलं भांडण मिटतच नाही, पुन्हा पुन्हा वाचता येतं.

आणि वाचायचं तरी किती! ग्रुपमधल्या चाळीस माणसांना तू आवाजात निरोप पाठवायचीस. गुरुजींना तर पाच-पाच मिनिटांचे. सगळे म्हणायचे, आक्कांचा आवाज ऐकला की दिवस बरा जातो. फक्त मलाच टायपून यायचं. दोन ओळी, तीन ओळी. त्याआधी तुझ्या नावाखाली ते 'टायपिंग' कितीतरी वेळ हलत राहायचं. मला वाटायचं, लिहितेय आणि खोडतेय, मला टोचेल असा शब्द शोधतेय. बाकीच्यांशी मनमोकळं बोलतेस आणि माझ्याशी सरकारी पत्रासारखी वागतेस, याचा मला लई राग होता. आता लिहितेच सगळं.

पण माझं आधी सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत कुणी बहिरं नसतं. घराखाली चार पावरलूम, शेजारी सहा, पलीकडे आणखी. सकाळी सातला माग सुरू झाले की रात्रीपर्यंत भिंतसुद्धा थरथरते. त्यात जन्मलेली आम्ही माणसं सगळीच मोठ्यानं बोलतो. बाहेरचा आला की त्याला वाटतं घरात भांडण पेटलंय. कुणाला दोनदा सांगावं लागलं तर म्हणतात, 'मागावरचा हाय, जरा वरडून सांग.' संपला विषय. त्यामुळे मला कमी ऐकू येतं हे मला पस्तिशीपर्यंत कळलंच नाही, आणि कळल्यावर मी ते लपवलं. फोन आला की रेंज नाही. चारचौघांत सगळे हसले की आपणही हसायचं, थोडं उशिरा. शाळेत कळलं तर फीच्या खिडकीवरून उठवून मागच्या खोलीत जुनी रजिस्टरं लावायला बसवतील ही भीती. लेकीला स्थळं बघतोय. पोरगी बघायला येणारे आधी आईला बघतात. आई बहिरी म्हटल्यावर पोरीच्या कानाकडे बघतील. म्हणून दातखीळ बसल्यासारखी गप्प होते.

तू वडगावला एकदाच आलतीस. पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. आमच्या माग-खोलीला तीन पायऱ्या. तुझी चाकाची खुर्ची वर चढेना. मी म्हटलं, दोघं गडी बोलावते, उचलतील. तू म्हणालीस, 'मी काय सुताचं बाचकं हाय व्हय, उचलून ठेवायला? हितंच बसते दारात. साड्या बाहीर आणा.' गल्लीत, ऊन बघून, छान बसलीस. साड्या बघायच्या सोडून आत मागाकडेच बघत बसलीस. माझ्या आईनं मागावरून हात हलवून मला काहीतरी सांगितलं, मी मान हलवली, आणि चहा आला. तू विचारलंस, 'त्येनी तुला काय खूण केली आत्ता?' मी दाखवलं. दोन बोटांची कात्री केली म्हणजे धागा तुटला. मूठ वळवली म्हणजे धोट्यातली सुताची कांडी बदल. डावा तळवा बशीसारखा तोंडाशी नेला म्हणजे चहा. माग चालू असताना तोंडानं बोलून उपयोगच नसतो, म्हणून आम्ही असंच बोलतो. तुला एवढं आवडलं ते! तुझी बोटं सांध्यांतून वाकलेली, तळवा पुरता उघडायचा नाही, तरी तू ती अर्धी बशी तोंडाशी नेऊन आईकडे आणखी एक चहा मागितलास. आई मागाआडून अशी हसली की तिचा धागा तुटला.

तेव्हा तू माझ्याकडे वळून काहीतरी बोललीस. मी हो म्हटलं. तू परत बोललीस, मी परत हो म्हटलं. तू नुसती बघत राहिलीस माझ्याकडे. त्या दिवसानंतर तुझा एकही आवाजातला निरोप मला आला नाही. हे मी आत्ता, तू गेल्यावर, तारखा लावून बघितलं.

पंधरवड्याची कल्पना माझीच होती. आमच्या 'सांगावा' ग्रुपवर दर वर्षी काहीतरी चालतं, या वर्षी म्हटलं, अपंग माणसं आपल्या गोष्टींत कशी येतात ते बघू. पंधरा दिवस, रोज एक विषय, कुणी गोष्ट लिहायची, कुणी चित्र काढायचं, ग्रुपवर टाकायचं. तुला परीक्षक हो म्हटलं तर तू फटकारलंस, 'मी व्हीलचेअरवर हाय म्हणून परीक्षक? उद्या गुरुजींना टक्कल हाय म्हणून न्हाव्याच्या गोष्टी तपासायला देशील.' मग स्वतःच म्हणालीस, परीक्षा नको, पण माझ्या अटी पाळा. शेवटी पात्रानं बरं व्हायचं नाही आणि मरायचं नाही. त्यानं निदान एक वाईट काम करायचं, साधं, माणसासारखं. आणि ते पात्र रोजचं एक काम कसं करतं, हे कुणाला तरी विचारून मगच लिहायचं. कुणीतरी 'दिव्यांग' लिहिलं तर तुझा सगळ्यांना निरोप गेला, तो लेकीनं मला ऐकून सांगितला, 'दिव्य बिव्य काय न्हाय बाबा, सांधे हायत, दुखत्यात.'

पहिले दिवस काय धमाल झाली! गुरुजींच्या आंधळ्या गवयाला तिसऱ्याच परिच्छेदात दृष्टी आली. तू त्यांना परत पाठवलंस. दुसऱ्या खेपेला त्यांनी त्याला मारला. तिसऱ्या खेपेला बिचाऱ्यांनी खरंच त्यांच्या गावातल्या एका अंध माणसाला जाऊन विचारलं, की तुम्ही आंघोळीचं पाणी ऊन झालं ते कसं ओळखता, आणि त्यातून काय सुंदर गोष्ट लिहिली. त्यांचा गवई तंबाखू चोरायचा. आम्ही सगळे हसून हसून बेजार. तू त्यांना दहा मिनिटं शाबासकी दिलीस, असं लेक म्हणाली. मला जळायला झालं.

नवव्या दिवशी मी माझी गोष्ट टाकली. निपाणीची एक मुलगी, चाकाच्या खुर्चीवर, खिडकीशी बसून रस्ता बघते, कविता करते, आणि शेवटी आकाशाकडे बघून हसते. ग्रुपवर वाहवा झाली. तुझं 'टायपिंग' हलायला लागलं. हललं, थांबलं, हललं. मी भाजी चिरत होते, सगळी चिरून झाली. मग आलं, 'पोरगी दिवसभर खिडकीतच का बसती? तिला लघवीला लागत न्हाय व्हय?'

सगळ्यांसमोर, आक्का!

मी उलटा वार केला. लिहिलं, की सगळं स्वतः भोगूनच लिहायचं असेल तर लेखकांनी दुकानं बंद करावीत. तू लिहिलंस, 'भोगून न्हाय. इचारून. मला इचारलं असतंस तर सांगितलं असतं.' मी म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत तूच दिसतेस. हे वाईट होतं. मला लिहितानाच कळलं आणि तरी पाठवलं. मग तू ग्रुप सोडून मला एकटीला लिहिलंस, 'तुझ्या घरातलं लिही की. पंधराव्या दिवसाला तोच विषय ठेव, आपल्या घरातलं माणूस.' मी लिहिलं, 'माझ्या घरात कोणी अपंग नाही.'

'टायपिंग' हललं. खूप वेळ. मी फोनकडे बघत बसले, की आता काय येतंय. शेवटी आलं, 'बरं.'

एवढंच. मला वाटलं, ही मला हसतेय. उत्तर दिलं नाही. चौदाव्या दिवशी मी पंधरवडा संपल्याचं जाहीर करून टाकलं. गुरुजींनी विचारलं, पंधरवडा चौदा दिवसांचा कसा? मी म्हटलं, तिथीचा क्षय झाला. सगळे हसले. तू काहीच बोलली नाहीस. नंतर कळलं, तुला तेव्हाच ताप होता.

पुण्यानुमोदनाला, तुझ्या शेवटच्या कार्याला, निपाणीला आले. बस काकतीतून सुटल्यापासून नुसती खिडकीबाहेर बघत होते आणि मनात तुझ्याशी भांडत होते. बघ, मीपण खिडकीशीच बसले होते. ते भांडण अजून संपलेलं नाही हं. मला अजून वाटतं, एखादी मुलगी बसू शकते खिडकीशी, तिला हवं असेल तर. पण ती अंथरुणातून तिथपर्यंत आली कशी, खुर्ची कुणी ढकलली, उंबऱ्याला काय केलं, हे मी विचारायला हवं होतं. एवढं तुझं मान्य.

घरात पांढऱ्या साड्यांची गर्दी, बुद्धवंदना चाललेली. मला शब्द कळत नव्हते, फक्त सगळ्यांचे ओठ एकदम हलताना दिसत होते. तुझ्या फोटोला फुलं वाहिली. फोटोत तू ऐन तिशीतली, हायस्कुलात कन्नड शिकवायला लागलीस तेव्हाची, बोटं सरळ. तू एकदा लिहिलं होतंस, 'आईची बोटं विड्या वळून वाकली, माझी बसल्या जागी. खानदानी हाय आमचं.'

जेवणं झाल्यावर मालनवैनी मला तुझ्या खोलीत घेऊन गेली. माझ्या समोर आली, तोंड माझ्याकडे करून, सावकाश बोलायला लागली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. खुर्चीवर एक चपटी उशी होती, मधे खळगा पडलेली. वैनी म्हणाली, 'ह्यावर फोन ठेवायच्या. उजव्या हाताच्या करंगळीचं पेर तेवढं चालायचं, त्या पेरानं एकेक अक्षर. दोन वळींला अर्धा तास. मग हात दुखायचा, शेकायला लागायचं. म्हटलं आक्का, समद्यास्नी बोलून पाठिवतासा, हिलाच का असलं?'

मी विचारलं, 'का?'

'का म्हंजे? तुमास्नी ऐकू येत न्हाय म्हणून की.'

मी तिथंच खाटेवर बसले.

'मी टायपून देतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. पोरानं बोलून लिवायचं शिकिवलं, तर त्या फोनला आक्कांची भाषा कळंना, भलतंच लिवायचा. मग पेरानंच. मला म्हणाल्या, तिनं कुणाला सांगितलेलं न्हाय, मग आपण कशाला बोंबलायचं? सांगंल तवा सांगंल.' वैनीनं माझा हात धरला. 'तुमी सांगितलं न्हाईसा शेवटपतोर. लई वाट बघितल्या.'

आक्का, त्या 'बरं'ला तू किती वेळ घेतलास? आधी आणखी काही लिहिलं होतंस का? 'मला माहीत आहे' असं लिहून खोडलंस का? तुझा हात दुखत होता, आणि मी भाजीच्या टोपलीशेजारी फोन ठेवून म्हणत होते, बघू आता काय विष ओकतेय. मला माझी लाज वाटते. तू सगळं ओळखून होतीस आणि गप्प राहिलीस. एकदा समोर बसवून कानफाडात मारून का नाही सांगितलंस, की मंगल, बस झालं? हा माझा तुझ्यावरचा राग. तोही राहणार.

रविवारी दुपारी चारला ग्रुपनं फोनवरच तुझी शोकसभा घेतली. पडद्यावर सगळ्यांचे चौकोन. गुरुजी बोलत होते, पण त्यांच्या चौकोनात नेहमीप्रमाणे त्यांचं कपाळ आणि छताचा पंखा. ओठ दिसतील तर शपथ. खाली लोक लिहीत होते, जिद्दीची मूर्ती, व्हीलचेअरवरची वाघीण, आता स्वर्गात धावत असतील. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'मेल्यावर तरी बरी केलासाच की रं मला शेवटी!' गुरुजींनी डोळे पुसले असावेत, कारण चष्मा एकदा पंख्याजवळ दिसला. वाईट कुणीच नव्हतं त्यात. तुझ्यावर माया होती सगळ्यांची, फक्त तुझ्या अटी विसरले होते.

मग एकदम सगळे चौकोन माझ्याकडे बघायला लागले. मला बोलायला सांगितलं असणार. एरवी मी 'रेंज नाही' म्हणून बंद केलं असतं. बोट तिथपर्यंत गेलंही होतं. लेक शेजारी बसली होती, तिला बघायला येतो असा एका स्थळाचा निरोप दोनच दिवसांपूर्वी आला होता. मी तिच्याकडे बघितलं. तिनं नुसती मान हलवली, बोल म्हणून.

मी म्हटलं, 'मला कमी ऐकू येतं. उजव्या कानानं नाहीच, डाव्यानं थोडं. आत्ता तुम्ही काय बोललात ते मला एक अक्षर कळलेलं नाही. आजवर पुष्कळ वेळा कळलेलं नव्हतं. ते फक्त आक्कांनी ओळखलं होतं आणि त्या मला टायपून पाठवायच्या. यापुढं मला लिहून सांगत जा.'

मग खाली अक्षरं यायला लागली. पहिलं गुरुजींचं, एका बोटानं लिहिलेलं, चुका भरलेलं, 'ताई आदी का नाहि सांगितल.' त्याच्याखाली शहापूरच्या एका बाईनं लिहिलं, त्यांच्याकडेही माग आहेत, 'आमच्या घरात सगळ्यांचंच असं आहे. ते सांगायचं असतं होय?' रडता रडता मला हसू फुटलं, आणि या वेळी सगळ्यांच्या बरोबरीनं हसले, उशिरा नाही.

शाळेत अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगणार होते, जमलं नाही. खोटं कशाला लिहू.

पण पंधरावा दिवस काल झाला. विषय तुझाच, आपल्या घरातलं माणूस. मी माझी गोष्ट लिहिली. त्यातल्या बाईला शेवटीही ऐकू येत नाही आणि ती मरतही नाही. ती मागाच्या आवाजात आईशी हातांनी कशी बोलते ते सगळं लिहिलं, कुणाला विचारायची गरज पडली नाही, तरी आईला विचारलंच. ती म्हणाली, 'त्यात काय लिवायचं, खुळी हाईस काय?' वाईट कामही लिहायचं होतं, तुझी अट. ते शोधावं लागलं नाही. एक म्हातारी दुखऱ्या हातानं तिला अक्षरं पाठवत राहिली आणि तिनं एकवीस दिवस उत्तर दिलं नाही, हे लिहिलं.

ते ग्रुपवर टाकलं आणि मग तुझं ते 'बरं' उघडलं. म्हटलं, उत्तर द्यायचं राहिलंय. मूठ मिटली, फोन उशीवर ठेवला आणि करंगळीच्या पेरानं लिहायला घेतलं, 'माझं चुकलं आक्का.' पेर भलत्याच अक्षरावर पडायचं, खोडायचं, पुन्हा. मनगट भरून आलं. जिन्यातून खाली दिसणाऱ्या मागाआडून आईनं डावा तळवा तोंडाशी नेऊन चहाचं विचारलं. मी हातानंच सांगितलं, थांब जरा. अजून 'माझं' एवढंच लिहून झालं होतं.